कॉलेजात गांजा ओढला होता, आता क्लिअरन्सच्या फॉर्मवर काय लिहायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीतल्या एका आईचा मुलगा तेवीस वर्षांचा आहे. जन्म अमेरिकेतलाच, व्हर्जिनियात इंजिनिअरिंग करून नुकताच बाहेर पडलाय. संरक्षण खात्याची कामं घेणाऱ्या एका कंपनीने नोकरी देऊ केली आहे, पण 'सीक्रेट' क्लिअरन्स, म्हणजे गोपनीय माहिती हाताळायची सरकारी परवानगी, मिळाला तरच. कॉलेजच्या चार वर्षांत त्याने मित्रांबरोबर दहा-बारा वेळा गांजा ओढला, शेवटचा चौदा महिन्यांपूर्वी. एकदा परीक्षेच्या आदल्या रात्री रूममेटची अ‍ॅडरॉलची (लक्ष एकाग्र व्हावं म्हणून डॉक्टर लिहून देतात ती) गोळी घेतली. आता एसएफ-८६ हा फॉर्म समोर आहे आणि मंडळातले ओळखीचे लोक सांगताहेत की सरळ 'नाही' लिहून टाक, कोणाला कळणार आहे? आईने विचारलंय की खरं लिहिलं तर नोकरी जाईल का, आणि खोटं लिहिलं तर काय होईल.

ताई, आधी उत्तर देते, मग कारणं. त्याने खरं लिहावं, पूर्ण लिहावं, आणि आजपासून यातलं काहीही घेऊ नये. तुम्ही सांगितलंय तेवढंच घडलं असेल, तर त्यापायी क्लिअरन्स नाकारला जाण्याची शक्यता मला कमी वाटते. 'नाही' लिहिलं तर कदाचित आज काही होणार नाही. पण पाच-सात वर्षांनी, घराचे हप्ते चालू असताना, एखादं मोठं पद हातातोंडाशी आलेलं असताना होईल. असं होताना मी पाहिलंय, आणि एकदाच नाही.

माझ्याबद्दल एवढंच सांगते की मी आधी सहा वर्षं या चौकश्या करणारी इन्व्हेस्टिगेटर होते. शेजाऱ्यांची दारं वाजवायची, जुन्या रूममेटना गाठायचं, हे काम. नंतर वकील झाले आणि गेली सोळा वर्षं वॉशिंग्टनच्या आसपास हीच प्रकरणं बघते. प्रश्न विचारणारीही मीच होते आणि आता उत्तर देणाऱ्याच्या शेजारीही मीच बसते.

क्लिअरन्स कोणाला द्यायचा हे ठरवण्यासाठी सगळ्या खात्यांना लागू असलेला एक निर्देश आहे, त्याला 'सीड-४' म्हणतात. तो जून २०१७ पासून लागू आहे. त्यात ए पासून एम पर्यंत तेरा गाइडलाइन्स आहेत: परदेशी नातीगोती, पैशांचे व्यवहार, दारू, गुन्हे वगैरे. (आजी-आजोबा पुण्यात आहेत त्याचं काय, हा आपल्या लोकांचा नेहमीचा प्रश्न. तो गाइडलाइन बी मध्ये येतो, त्याचा या विषयाशी संबंध नाही.) ड्रग्जची गाइडलाइन एच. खोटेपणा, लपवाछपवी यांची गाइडलाइन ई. घरोघरी चर्चा चालते ती एच ची, आणि माणसं बुडतात ती ई मध्ये. माझ्याकडे आलेल्या तरुण मुलांच्या प्रकरणांत हेच पुन्हा पुन्हा दिसलंय.

'पण आता गांजा कायदेशीर आहे ना?' हे मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतं. व्हर्जिनियात सज्ञान माणसाने थोडा गांजा जवळ बाळगणं १ जुलै २०२१ पासून गुन्हा राहिला नाही. न्यू जर्सीत एप्रिल २०२२ पासून दुकानांत उघड विक्री सुरू झाली. कोलोरॅडोत तर २०१४ पासूनच. पण हे झाले राज्यांचे कायदे. क्लिअरन्स देतं ते फेडरल सरकार, आणि १९७० च्या फेडरल कायद्याने गांजाला सर्वांत कडक यादीत घातलं. फॉर्मच्या तेविसाव्या, म्हणजे ड्रग्जबद्दलच्या विभागात हे स्पष्ट शब्दांत छापलंय की राज्यात परवानगी असली तरी उत्तर फेडरल कायद्याप्रमाणे द्यायचं. त्यामुळे 'दुकानातून बिल घेऊन विकत घेतला होता' हा बचाव होत नाही. गांजाला खालच्या यादीत टाकायचा प्रस्ताव न्याय खात्याने २०२४ मध्ये मांडला, त्यावरून बऱ्याच जणांना वाटतं की आता मोकळीक मिळाली. खालच्या यादीतली औषधंसुद्धा डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेणं बेकायदेशीरच असतं, हे ते विसरतात.

आता दिलासा देणारी बाजू. डिसेंबर २०२१ मध्ये तेव्हाच्या राष्ट्रीय गुप्तवार्ता संचालक एव्हरिल हेन्स यांनी सगळ्या खात्यांना मार्गदर्शन पाठवलं. त्याचा गाभा असा की पूर्वी मौजेखातर घेतलेला गांजा विचारात घेतला जाईल, पण तेवढ्यावरच निकाल लागणार नाही. किती वेळा घेतला, पुन्हा घेण्याची शक्यता किती, हे सगळं पाहायचं. आणि फॉर्मवर सही केली की तिथून पुढे अजिबात नाही. हे शेवटचं वाक्य मुलाच्या मनावर नीट बिंबवा. २००८ च्या एका कायद्यानुसार, जो आज बेकायदेशीर ड्रग्ज घेतो त्याला क्लिअरन्स देताच येत नाही. 'घेत होतो' आणि 'घेतो' यांत केवढं अंतर आहे ते यावरून कळेल. सही केल्यानंतर मित्राच्या लग्नात गांजा घातलेली एक गमी गोळी खाल्ली आणि सगळं हातचं गेलं, अशी प्रकरणं माझ्याकडे आली आहेत. सही करण्याच्या आदल्या वर्षी ओढलेले दहा झुरके सावरता येतात. सहीनंतरचा एक सावरायला फार जड जातो, कारण तेव्हा नियम माहीत नव्हता असं म्हणायची सोय उरत नाही.

किती महिने गेले म्हणजे पुरे, याचा आकडा गाइडलाइनमध्ये नाही. एफबीआयने स्वतःच्या नोकरभरतीसाठी मुदती ठरवल्या आहेत: २०२१ पासून गांजासाठी एक वर्ष, इतर ड्रग्जसाठी दहा वर्षं. लोक ते आकडे सगळीकडे लावतात आणि विनाकारण घाबरतात किंवा विनाकारण निर्धास्त होतात. तुमच्या मुलाचं प्रकरण एफबीआयचं नाही. माझा अनुभव सांगायचा तर अधूनमधून घेतलेला गांजा, थांबून वर्ष उलटलेलं, कॉलेजचं वातावरण मागे पडलेलं, आणि सगळं आपणहून सांगितलेलं असेल तर बहुतेक वेळा निभावतं. कोकेन, एमडीएमए, नशेचं मशरूम असेल तर मी जास्त काळ थांबायला सांगते. विकलं असेल, किंवा मित्रांसाठी आणून पैसे घेतले असतील, तर वकिलाशिवाय फॉर्मला हात लावू नये.

आता फॉर्म. तेविसावा विभाग मागच्या सात वर्षांचं विचारतो. पहिल्यांदा कधी घेतलं, शेवटचं कधी, महिना आणि वर्ष, किती वेळा, कशा परिस्थितीत. आठवत नसेल तर 'अंदाजे' अशी खूण करायची सोय आहे, ती वापरावी. पण घेण्याबद्दलच्या दोन प्रश्नांना सात वर्षांची मर्यादा नाही. हातात क्लिअरन्स असताना कधीही घेतलं असेल, किंवा पोलीस, सरकारी वकील, लोकांच्या सुरक्षेशी संबंधित नोकरी असताना घेतलं असेल, तर ते केव्हाचंही असो, सांगावं लागतं. इथे कॉलेजच्या मुलांचा पाय घसरतो. उन्हाळ्यात इंटर्नशिप केलेली असते, तेव्हा कंपनीने तात्पुरता 'इंटरिम' क्लिअरन्स काढलेला असतो, मुलगा ते विसरून जातो. सप्टेंबरात परत हॉस्टेलवर आल्यावर ओढलेला गांजा मग निराळाच ठरतो. तुमच्या मुलाला हे आधी विचारा. अशी इंटर्नशिप झाली असेल तर मी वर दिलेला अंदाज बदलेल.

गांजा विकत घेणं हा वेगळा प्रश्न आहे. 'मी कधी विकत घेतला नाही, मित्र आणायचा,' असं जवळजवळ प्रत्येक मुलगा म्हणतो. मी पुढचं विचारायचे: मग त्याला पैसे द्यायचास का? पिझ्झाचे आणि त्याचे मिळून वीस डॉलर व्हेन्मो या पैसे पाठवायच्या अ‍ॅपवरून पाठवायचो, असं उत्तर यायचं. तो त्याचा वाटा झाला, आणि ते विकत घेणंच झालं. लिहायचं.

ती मुलाखत कशी असते ते सांगते, कारण मुलं तिला उगाच घाबरतात. एखाद्या वाचनालयातली छोटी खोली, नाहीतर कंपनीची रिकामी मीटिंग रूम. समोरचा माणूस ओळखपत्र दाखवतो, खरं सांगण्याची शपथ देतो आणि फॉर्म पहिल्या पानापासून वाचायला घेतो. मी तेविसाव्या विभागाशी आले की बहुतेकांचा हात पाण्याच्या बाटलीकडे जायचा. एका मुलाने लिहिलं होतं 'दोन-तीन वेळा'. मी विचारलं, पहिल्यांदा कुठे? त्याने सांगितलं, पहिल्या वर्षी, हॅलोवीनला. मग? मग वसंताच्या सुट्टीत. मग? दुसऱ्या वर्षी रूममेटच्या वाढदिवसाला. मी काहीच बोलत नव्हते, फक्त लिहीत होते. पंधरा मिनिटांत आकडा चाळीसवर गेला. चाळीस हा आकडा त्याला नडला नसता. 'दोन-तीन' नडला, कारण पुढे प्रत्येक उत्तराकडे मला संशयाने बघावं लागलं. तुमच्या मुलाने दहा-बारा म्हणताना खरंच मोजलंय का, की आईला सांगायचा आकडा तेवढा आहे? राग मानू नका. आईला सांगितलेला आकडा आणि खरा आकडा यांत मी नेहमी फरक पाहिलाय.

अ‍ॅडरॉलबद्दल घरात कोणी बोलत नाही, कारण ते 'औषध' आहे. पण दुसऱ्याच्या चिठ्ठीवरची गोळी घेणं हा या फॉर्मवर स्वतंत्र प्रश्न आहे आणि अ‍ॅडरॉल कडक यादीतलं औषध आहे. एकदाच घेतली असेल तर एका वाक्यात लिहायचं: अमुक महिन्यात, परीक्षेच्या आदल्या रात्री, रूममेटकडून एक गोळी, आधी नाही आणि नंतर नाही. गांजा लिहिला आणि गोळी गाळली, तर ती विसरली असं कोणी मानणार नाही.

याच ओघात आपल्या घरांतली आणखी एक गोष्ट. भारतातून येताना बॅगेत औषधांची पिशवी असते. त्यात झोपेसाठी अल्प्राझोलम, पाठदुखीसाठी ट्रॅमाडॉल, कोडीन घातलेलं खोकल्याचं औषध. आई आपल्या डब्यातली अर्धी गोळी मुलाला देते, म्हणते घे, शांत झोप लागेल. त्यात प्रेमच असतं. पण ही तिन्ही इथे नियंत्रित औषधं आहेत आणि ती त्याच्या नावावर लिहून दिलेली नाहीत. क्लिअरन्सची प्रक्रिया चालू असलेल्या मुलाला घरातली गोळी देऊ नका, त्याच्या डॉक्टरकडे पाठवा. गांजाच्याच झाडापासून काढलेल्या सीबीडी तेलाचंही तेच. ०.३ टक्क्यांपर्यंत टीएचसी (नशा आणणारा घटक) असलेलं हेम्प, म्हणजे त्याच झाडाची नशा न आणणारी जात, २०१८ च्या कायद्याने मोकळं झालं, पण बाटलीवर लिहिलेलं आणि बाटलीत असलेलं जुळेलच असं नाही, आणि लघवीच्या तपासणीत ते उघडं पडू शकतं.

आणि भांग. सुट्टीत बनारसला गेले, थंडाई प्यायली, काकांनीच दिली. भारताच्या १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजाच्या व्याख्येतून पानं वगळली आहेत, म्हणून भांग तिथे अनेक ठिकाणी परवान्याने विकली जाते. अमेरिकेच्या व्याख्येत पानं आहेत. जिथे घेतली तिथे ती कायदेशीर होती, मग लिहायची का? यावर वकिलांत मतभेद होऊ शकतात. मी लिहायला सांगते, दोन ओळींत, सण कोणता, कोणाच्या घरी, आत काय आहे हे माहीत होतं का. लिहिल्याने बिघडलेलं मी एकही प्रकरण पाहिलं नाही. हाच नियम अ‍ॅमस्टरडॅमला आणि कॅनडालाही लावा.

फॉर्मवर प्रत्येक पदार्थाखाली एक प्रश्न असतो: पुढे घ्यायचा विचार आहे का? हुशार मुलं इथे हुशारी करतात आणि 'फेडरल कायदा बदलला तर बघू' असं लिहितात. तसं लिहू नये. उत्तर 'नाही' असावं, आणि ते खरं असावं, आणि खाली कारण असावं. कारण मनापासूनचं असलं की वाचणाऱ्याला जाणवतं. एका मुलीने लिहिलं होतं की तिला ज्या प्रयोगशाळेत काम करायचंय त्याचं स्वप्न ती दहावीपासून बघतेय आणि एका संध्याकाळीपायी ते घालवणार नाही. ते वाक्य मी तिला सांगितलं नव्हतं. गाइडलाइन एच मध्ये आणखी एक सोय आहे: यापुढे कोणत्याही ड्रग्जच्या वाटेला जाणार नाही, आणि गेलो तर क्लिअरन्स काढून घ्यायला ते कारण पुरेसं असेल, असं सही केलेलं निवेदन. ते आताच करून ठेवावं. ज्यांच्याबरोबर ओढायचा त्यांच्याशी आता संबंध किती, हेही विचारतात. मैत्री तोडा असं कोणी म्हणत नाही, पण शुक्रवारची ती बैठक थांबलेली असावी.

आता मंडळातल्या सल्ल्याकडे येते. 'कोणाला कळणार?' चौकशी करणारे फॉर्मवर दिलेल्या माणसांनाच भेटत नाहीत, त्यांच्याकडून पुढची नावं घेतात. रूममेट सरळ सांगतो, त्याला त्यात काही वावगं वाटत नाही. शिवाय हल्ली दर पाच-दहा वर्षांनी पुन्हा चौकशी करण्याऐवजी सतत नजर ठेवण्याची पद्धत आली आहे. आणि सगळ्यात जास्त वेळा कळतं ते त्याच्याच तोंडून. माझ्याकडचा एक मुलगा, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलते. बाविसाव्या वर्षी 'नाही' लिहिलं, क्लिअरन्स मिळाला, पाच वर्षं उत्तम काम केलं. मग अशा एका खात्यातली जागा चालून आली जिथे पॉलिग्राफ, म्हणजे खोटं पकडायची चाचणी, असते. तिथे खुर्चीत बसल्यावर त्याने कॉलेजचं सगळं सांगितलं. एकूण सात-आठ वेळा ओढलेला गांजा. त्या गांजाबद्दल कोणीही पुढे चकार शब्द काढला नाही. पाच वर्षांपूर्वीच्या त्या 'नाही'बद्दल मात्र दीड वर्ष प्रकरण चाललं, नवी जागा गेली, जुना क्लिअरन्सही गेला. माझ्या ऑफिसात बसून तो म्हणाला, "मला तेव्हा काकांनी सांगितलं होतं." पुढे काय बोलावं ते मला सुचलं नाही. फॉर्मवर जाणूनबुजून खोटं लिहिणं हा फेडरल गुन्हा आहे, पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. खटले क्वचित होतात, पण नोकरी जायला खटला लागत नाही. उलट, याच विभागात छापलंय की ड्रग्जबद्दलची खरी उत्तरं किंवा त्यांतून मिळालेली माहिती फौजदारी खटल्यात तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरणार नाहीत. हे संरक्षण खऱ्या उत्तराला आहे.

कोणी आधीच 'नाही' लिहून बसलं असेल आणि हे वाचत असेल, तर तुमच्यासाठीही वाट आहे. कोणी पुरावा समोर टाकण्याआधी, आपणहून, लवकर दुरुस्ती केली तर गाइडलाइन ई त्याची दखल घेते. मुलाखत व्हायची असेल तर प्रश्नाची वाट पाहू नका, सुरुवातीलाच सांगा. त्याआधी एकदा या विषयातल्या वकिलाशी बोला.

एक इशारा, तो तुमच्या मुलासाठी नाही, पण हे वाचणाऱ्या इतरांसाठी फार महत्त्वाचा आहे. मी वर जे म्हटलं ते अमेरिकन नागरिकांसाठी. क्लिअरन्स साधारणपणे नागरिकांनाच मिळतो. एच-१बी किंवा ग्रीन कार्डवर असलेल्याने गांजा घेतल्याचं नुसतं कबूल केलं तरी इमिग्रेशनमध्ये अडचण येऊ शकते, राज्यात तो कायदेशीर असला तरी. नागरिकत्वाच्या अर्जात २०१९ पासून याबद्दल स्पष्ट धोरण आहे. तिथेही खोटं बोलायचं नाहीच, पण तोंड उघडण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेटायचं.

पुढे काय घडेल? इंटरिम क्लिअरन्स नाकारला जाऊ शकतो, कारण तो देताना फार खोलात जात नाहीत. तो नाकारला म्हणजे अंतिम नकार नव्हे, घाबरून नोकरी सोडू नका. अंतिम टप्प्यावरही शंका राहिली तर 'स्टेटमेंट ऑफ रीझन्स' नावाचं पत्र येतं. कंत्राटदारांच्या लोकांना लेखी उत्तर द्यायला वीस दिवस मिळतात, आणि मग 'डोहा' या संरक्षण खात्याच्या सुनावणी कार्यालयाच्या न्यायाधीशांपुढे सुनावणी मागता येते. तिथले निकाल नावं झाकून प्रसिद्ध होतात, मुलाने चार-पाच वाचावेत, भीती बरीच कमी होते. मात्र क्लिअरन्स हा कोणाचा हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये इगन खटल्यात सांगून ठेवलंय, आणि शंकेचा फायदा देशाला मिळतो, अर्जदाराला नाही. म्हणून शंकेला जागाच ठेवायची नाही.

या शनिवारी त्याला एकट्याला बसू द्या. जुने फोटो, सेमिस्टरची वेळापत्रकं, फोनमधले मेसेज समोर ठेवून महिना-महिना आठवू दे. तुम्ही त्या खोलीत थांबू नका ताई, चहा ठेवा आणि बाहेर या. तुम्ही समोर असलात की आकडा खाली येतो. आणि सही करण्याआधी पूर्ण फॉर्मची प्रत उतरवून जपून ठेवायला सांगा. पुढच्या वेळी, पाच-सात वर्षांनी, आपण आज नेमकं काय लिहिलं होतं हे त्याला शब्दाशब्दाने लागेल.